‘पाँच’ : खुन्याचे गाणे आणि मृतांचा हक्क

एखाद्या शहरात घडून गेलेल्या भयंकर गुन्ह्यावर कोणी कलावंत कथा रचावयास बसला, की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो न्यायाचा : ज्यांनी मारले त्यांना त्या कथेत किती जागा द्यावयाची, आणि जे मारले गेले त्यांच्या वाट्याला किती येऊ द्यावयाचे? अनुराग कश्यप यांचा ‘पाँच’ हा पहिलावहिला चित्रपट पाहिल्यानंतर, त्याच्या सामर्थ्याविषयी मनात कसलाही किंतु नसताना, हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. आणि या चित्रपटाला डोक्यावर घेणारे रसिक व त्याच्या नावाने नाक मुरडणारे सज्जन, हे दोघेही याच प्रश्नाला वळसा घालून पुढे जातात असे आढळून आल्यामुळे तो सविस्तर मांडणे मला अगत्याचे वाटते.

चित्रपटाची हकीकत थोडक्यात सांगतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तयार झालेल्या या हिंदी चित्रपटात रॉक संगीत वाजवणारी, मुंबईत एका कोंदट खोलीत दिवस काढणारी, नाव आणि पैसा या दोहोंसाठी आसुसलेली एक टोळी आहे. ल्यूक हा तिचा म्होरक्या, ती भूमिका के. के. मेनन यांनी केली आहे. आणि एका धनिकाच्या मुलाच्या अपहरणाचा बेत आखता आखता ही मंडळी खुनापर्यंत आणि एका खुनावरून दुसऱ्या खुनापर्यंत जाऊन पोहोचतात. संगीत विशाल भारद्वाज यांचे आहे. परीक्षण मंडळाने हिंसा, अमली पदार्थांचे सेवन आणि शिवराळ भाषा यांवर हरकत घेतली, पुढे काटछाट करून परवानगी मिळाली असता निर्मात्याच्या अडचणी आडव्या आल्या, आणि दोन दशकांहून अधिक काळ हा चित्रपट चित्रपटगृहात लागला नाही. तरीही तो पाहिला गेला, चोरट्या प्रतींतून, संगणकाच्या पडद्यावर, वसतिगृहांच्या खोल्यांतून. आणि न लागलेल्या चित्रपटाभोवती भक्तांचा जो संप्रदाय जमतो तसा त्याच्याभोवतीही जमला.

पुणेकराला या चित्रपटाकडे परकेपणाने पाहता येत नाही, कारण त्याचे मूळ पुण्यात आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या चौदा महिन्यांत या शहरात दहा माणसांचे खून झाले आणि ते करणारे राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे चौघे टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पहिला बळी त्यांचा वर्गमित्र, महाविद्यालयाच्या मागे हॉटेल चालवणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा. त्याला फसवून नेऊन, आपण घर सोडून जात आहोत अशी चिठ्ठी त्याच्याच हातून लिहवून घेऊन त्याला मारण्यात आले आणि प्रेत लोखंडी पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात सोडण्यात आले. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातील तिघे, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात घरकाम करणाऱ्या वृद्ध बाईंसह पाच जण, आणि २३ मार्च १९७७ रोजी एक तरुण, ज्याचे प्रेत नदीत टाकण्यात आले. तो काळ आणीबाणीचा होता. वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप असल्यामुळे बातमीची जागा अफवेने घेतली होती. दिवेलागणीनंतर पेठापेठांतले रस्ते ओस पडत, आणि ज्या शहरात शेजाऱ्याच्या घरात हाक न मारता शिरण्याची पद्धत होती तेथे दारांना साखळ्या लागल्या. आणीबाणी उठली २१ मार्चला, आणि शेवटचा खून झाला तो त्यानंतर दोनच दिवसांनी. २८ सप्टेंबर १९७८ रोजी सत्र न्यायालयाने चौघांना फाशीची शिक्षा सुनावली. वरच्या न्यायालयांनी ती कायम केली. आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली.

या घटनेवर मराठीत पूर्वीच चित्रपट निघाला होता. नाना पाटेकर यांची प्रमुख भूमिका असलेला ‘माफीचा साक्षीदार’ हा १९८६ साली आला. कश्यप यांनी त्या वाटेने न जाता कथा मुंबईस नेली, नावे व व्यवसाय बदलले, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांच्या जागी वादक आणले, आणि असे करताना एक अशी गोष्ट साधली जी आपल्या चित्रपटसृष्टीत फार थोड्यांना साधली आहे. गुन्हेगाराला कारण पुरवण्याचा मोह त्यांनी सर्वस्वी टाळला. आपल्याकडे पडद्यावरील गुन्हेगाराला बहुधा उपाशी बालपण असते, अन्यायाने मेलेला बाप असतो, दुरावलेली प्रेयसी असते. म्हणजे त्याच्या हातून घडलेल्या रक्तपाताची फिर्याद प्रेक्षकाने समाजावर गुदरावी, अशी तजवीज लेखकाने आधीच करून ठेवलेली असते. ‘पाँच’मध्ये ती तजवीज नाही. ही माणसे शिकलेली आहेत, बोलणारी आहेत, गुणीही आहेत. त्यांना फक्त वाट पाहणे ठाऊक नाही आणि नकार सोसणे ठाऊक नाही. पुण्यातील खटल्याने मध्यमवर्गाला जे हादरवले ते नेमके हेच होते, की आरोपी आपल्या ओळखीच्या रस्त्यावरून, आपल्या मुलांच्या बरोबरीने, रंगांच्या पेट्या घेऊन जात होते.

याहूनही खोल जाणारी गोष्ट म्हणजे या चित्रपटातले भित्रेपणाचे चित्रण. ल्यूक क्रूर आहे हे पहिल्या काही मिनिटांतच कळते आणि त्यात नवल वाटत नाही. परंतु खोलीतले बाकीचे, ज्यांना त्याची किळस येते, ज्यांना उठून निघून जाणे केव्हाही शक्य असते, ते उठत नाहीत. खोली त्याची, पैसा त्याच्या हातात, आणि त्याच्या हसण्यावर हसण्याची सवय त्यांच्या अंगवळणी पडलेली. तो एकाला चारचौघांत हिणवतो तेव्हा उरलेल्यांच्या चेहऱ्यावर जी सुटकेची छटा येते, की आज पाळी आपल्यावर आली नाही, ती कॅमेऱ्याने इतक्या जवळून टिपली आहे की पाहणाऱ्याला आपल्या शाळेतली, कचेरीतली, एकत्र कुटुंबातली कितीतरी माणसे आठवावीत. दहा खून करण्यास एक दुष्ट माणूस पुरत नाही. त्याला गप्प राहणारे तिघे-चौघे लागतात. पुण्याच्या खटल्यात सरकार पक्षाला माफीचा साक्षीदार मिळाला, म्हणजेच पुष्कळ काही ठाऊक असून दीर्घकाळ मूग गिळून बसलेला मनुष्य त्या वर्तुळात होता. हे सत्य इतक्या निष्ठुरपणे सांगणारा दुसरा हिंदी चित्रपट मला ठाऊक नाही, आणि एवढ्यासाठी मी ‘पाँच’ला वरच्या प्रतीची कलाकृती मानतो.

आता संगीताकडे वळतो, कारण माझी तक्रार तेथून सुरू होते. भारद्वाज यांनी या चित्रपटाला दिलेली गाणी उत्कृष्ट आहेत. ल्यूक जेव्हा स्वतःस ईश्वर म्हणवत गातो तेव्हा ते गाणे चित्रपटाला जोडलेले राहत नाही; त्याच्या अहंकाराने धारण केलेले ते शरीरच होते, आणि मेनन यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या पाहताना पुढचे रक्त आधीच दिसू लागते. परंतु या चित्रपटात गातो तो फक्त मारणारा. दुसऱ्या कोणालाही स्वर नाही. हा दोष केवढा मोठा आहे हे माझ्या ध्यानी आले ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या एका चित्रपटामुळे, आणि त्याची हकीकत वाचकाने थोडी धीराने ऐकावी अशी विनंती आहे.

जमैका बेटाला १९६२ साली स्वातंत्र्य मिळाले, आणि दहा वर्षांनी, १९७२ साली, पेरी हेन्झेल या दिग्दर्शकाचा ‘द हार्डर दे कम’ हा चित्रपट राजधानी किंग्स्टनमध्ये प्रदर्शित झाला. त्याचेही मूळ एका खऱ्या गुन्हेगारात आहे : आयव्हनहो मार्टिन नावाचा, ‘राइगिन’ या नावाने बेटावर दहशत आणि कौतुक दोन्ही मिळवलेला इसम, जो १९४८ साली पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. हेन्झेल यांनी त्याला आपल्या काळात आणले आणि, कश्यप यांनी पुढे केले तसेच, त्याच्या हाती गाणे दिले. जिमी क्लिफ या गायकाने ही भूमिका केली आहे. खेड्यातून आलेला आयव्हन शहरात काम मागत हिंडतो, शेवटी एक गाणे ध्वनिमुद्रित करतो, आणि निर्माता त्याच्यापुढे वीस डॉलर टाकतो. तो आधी नाकारतो. स्वतः तबकडी घेऊन दुकानोदुकानी जातो. आणि सगळा बाजार त्या एकाच निर्मात्याच्या मुठीत आहे हे कळल्यावर परत येऊन तेच वीस डॉलर घेतो. हा परत येण्याचा प्रसंग फार थोड्या वेळात उरकतो, कोणी रडत नाही, कोणी भाषण करत नाही. पण पुढे त्याच्या हाती पिस्तूल येते तेव्हा ते कोठून आले हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही.

त्या चित्रपटाविषयीही माझे मत सरळ नाही. त्याची बांधणी सैल आहे. आयव्हनवर प्रेम करणाऱ्या मुलीला लेखकाने वाऱ्यावर सोडले आहे. मारले जाणारे पोलिस शिपाई तेथेही बिननावाचेच आहेत. आणि दोन्ही हातांत पिस्तुले घेऊन छायाचित्र काढवून घेणारा, ते वर्तमानपत्राकडे पाठवणारा नायक पाहून जगभरच्या तरुणांनी जी चूक केली, म्हणजे भित्तिचित्रावर त्याची आकृती लावून त्याला वीर ठरवले, तिला चित्रपटाने पुरेसा अटकाव केला नाही. असे असूनही एक गोष्ट त्याने अचूक केली. आरंभी आयव्हन किंग्स्टनच्या एका चित्रपटगृहात ‘जँगो’ हा बंदुकबाजीचा इटालियन चित्रपट पाहतो, आणि भोवतालचे प्रेक्षक खदखदून हसत प्रत्येक गोळीला दाद देत असतात. शेवटी समुद्रकिनाऱ्यावर सैनिकांपुढे तो एकटा उभा ठाकतो तेव्हा तोच हसणारा प्रेक्षकवर्ग पुन्हा पडद्यावर आणला आहे. वीर कसा निर्माण होतो आणि त्याच्या मरणावर कोण टाळ्या वाजवते, हे दिग्दर्शकाने बघ्यांनाच दाखवले.

आणि संगीत? तेथे नायक एकटा गात नाही. टूट्स आणि त्याचे मेटल्स, डेझमंड डेकर, मेलोडियन्स, स्लिकर्स अशा कितीतरी जणांचे गाणे त्या चित्रपटात आहे. चर्चमध्ये बायाबापड्या गातात, रस्त्यावर तबकड्या वाजतात. रेगे संगीताची घडणही आपल्या कानाला विचार करावयास लावणारी आहे. आपल्या तालात सर्वांनी येऊन मिळावयाचे ते समेवर. रेगेच्या अनेक चालींत पहिल्या मात्रेवर ढोल गप्प बसतो आणि गिटारीचा आघात ज्या मात्रांवर आपण भर अपेक्षीत नाही तेथे पडतो. ती रिकामी जागा ऐकणारा आपल्या श्वासाने भरतो, आणि म्हणून ते संगीत एकट्याने ऐकले तरी समुदायाचे वाटते. आयव्हन खून करतो तेव्हा मागे सगळे शहर गात असते : त्याची बाजू घेणारे, त्याला शाप देणारे, त्याच्याशी काडीचा संबंध नसणारे. प्रेक्षकाला न्याय करावयाचा तर त्याला साक्षी अनेक मिळतात. ‘पाँच’मध्ये साक्ष एकाच बाजूची आहे.

येथे कोणी म्हणेल की कलावंत हा सरकारी पंचनामा लिहिणारा कारकून नव्हे. घटनेतून त्याने हवे ते घ्यावे, नको ते सोडावे. हा हक्क मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु जे जे बदलले ते एकाच दिशेने झुकलेले असेल, तर त्या झुकावाचा जाब विचारण्याचा हक्क वाचकाला आणि प्रेक्षकालाही आहे. पुण्यातला वर्गमित्र फसवला गेला होता, चिठ्ठी त्याच्याकडून लिहवून घेतली होती. चित्रपटातला धनिकाचा मुलगा अपहरणाच्या नाटकात स्वतः सामील असतो, बापाचे पैसे उकळण्याची त्याचीही इच्छा असते. या एका फेरफाराने कथा चतुर झाली, संशय नाही. पण निरपराध मनुष्याच्या खुनाचे रूपांतर भागीदारांच्या भांडणात झाले. पुण्यातले जोशी आणि अभ्यंकर ही माणसे आपापल्या घरी संध्याकाळच्या कामात होती. त्यांच्या घरासारखे एकही घर या चित्रपटात नाही. जेथे दूध तापत आहे, म्हातारा वाचत बसला आहे, नातवंडे यावयाची आहेत, असे एकही दार या टोळीने उघडलेले आपण पाहत नाही. मरणारी माणसे येथे मारणाऱ्यांच्या जगातलीच आहेत, आणि त्या जगाचा चिखल त्यांच्या अंगावर आधीच उडालेला असल्यामुळे त्यांच्या मरणाने प्रेक्षक दचकतो खरा, पण हळहळत नाही.

कोण गेले, हे सांगितल्याशिवाय माझ्या म्हणण्याचा अर्थ पोहोचणार नाही. भांडारकर रस्त्यावर त्या रात्री जे मारले गेले त्यांत ऐंशी उलटलेले काशीनाथशास्त्री अभ्यंकर होते. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांचे हे चिरंजीव. वडिलांनी केलेल्या पतंजलीच्या व्याकरण-महाभाष्याच्या मराठी भाषांतराची संपादनाची जबाबदारी यांनी वाहिली, आणि १९६१ साली बडोद्याहून प्रसिद्ध झालेला त्यांचा संस्कृत व्याकरणाचा पारिभाषिक कोश आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. पाणिनीची एक संज्ञा घ्यावी, ती कोणत्या सूत्रात येते ते सांगावे, टीकाकारांनी तिचा अर्थ कसा लावला ते नोंदवावे, आणि पुढच्या संज्ञेकडे जावे. असे हे आयुष्यभराचे काम होते. ते आयुष्य काही मिनिटांत, नायलॉनच्या दोरीने संपवले गेले. चित्रपटात काशीनाथशास्त्री यावयास हवे होते असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्याचे जीवन खुन्याच्या जीवनाहून अधिक मोलाचे आहे हे प्रेक्षकाला जाणवेल, असे एक माणूस तरी त्या दोन-सव्वादोन तासांत असावयास हवे होते. दुष्टाच्या अंतःकरणात इतके खोल उतरण्याची ताकद ज्याच्यापाशी आहे, त्याला साध्या माणसाच्या दारात क्षणभर उभे राहणे अशक्य नव्हते. पुढे याच दिग्दर्शकाने मुंबईतील १९९३ च्या बॉम्बस्फोटांवर ‘ब्लॅक फ्रायडे’ काढला, जो न्यायालयातील अडथळे पार करून २००७ साली प्रदर्शित झाला, आणि त्यात रस्त्यावरच्या धुरातून चालणारी भांबावलेली माणसे आहेत; म्हणजे ही उणीव त्यांना स्वतःलाही कोठेतरी जाणवली असावी असे मानण्यास जागा आहे.

परीक्षण मंडळाचे वर्तन मात्र मला कोणत्याही बाजूने समर्थनीय वाटत नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली चित्रपटास पूर्वपरवानगी लागते, आणि ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनासंमत ठरवली, हे खरे. पण प्रौढांसाठीचा दाखला हा अशाच कृतींसाठी असतो. चित्रपटात एकही सद्वर्तनी पात्र नाही आणि समाजास काही संदेश नाही, अशीही हरकत होती, असे कश्यप यांनी अनेकदा सांगितले आहे. ती हरकत वरकरणी माझ्या तक्रारीसारखी दिसते, म्हणून दोहोंतले अंतर सांगितले पाहिजे. मंडळाला हवा होता तो सद्गुणाचा नमुना, प्रेक्षकाने अनुकरण करावे असा. मी मागतो आहे ते मृतांचे वजन. नमुन्याचे पात्र घातले असते तर चित्रपट खोटा झाला असता. शिवाय मंडळाची तक्रार हुकमाच्या रूपाने येते आणि तिच्यापुढे अपील चालवत बसावे लागते, तर टीकाकाराची तक्रार चित्रपट पाहिल्यानंतर येते आणि वाचक ती सुखाने फेटाळू शकतो.

या मनाईने झालेली सर्वांत मोठी हानी माझ्या मते अशी, की ‘पाँच’ला त्याचा खरा प्रेक्षक वर्षानुवर्षे मिळालाच नाही. किंग्स्टनमध्ये १९७२ साली चित्रपट लागला तेव्हा लोकांची एवढी झुंबड उडाली की चित्रपटगृह अपुरे पडले. ज्यांच्या रस्त्यांवर ती कथा घडली त्यांनी ती शेजारी शेजारी बसून पाहिली, आपली बोली पडद्यावर ऐकली, आणि आपले म्हणणे मोठ्याने सांगितले. ‘पाँच’ जर वेळीच अलका किंवा नीलायममध्ये लागला असता, तर त्या खुर्च्यांवर महाविद्यालयीन तरुणांच्या शेजारी ते पुणेकरही बसले असते ज्यांनी १९७६ च्या डिसेंबरात मुलांना अंधाराच्या आत घरी बोलावले होते. ल्यूकच्या एखाद्या वाक्यावर पुढच्या रांगेतून शिट्टी आली असती आणि मागच्या रांगेतून कोणीतरी निषेधाने उठले असते. मृतांच्या बाजूची साक्ष, जी चित्रपटात नाही, ती त्या अंधारात प्रेक्षकांनी दिली असती. त्याऐवजी चित्रपट गेला एकेकट्या तरुणाच्या कानाला लावलेल्या यंत्रात, जेथे ल्यूकच्या आवाजाला प्रत्युत्तर देणारे कोणीच नव्हते. निषिद्ध म्हणून मिळालेली गोष्ट तरुण वयात पवित्र वाटू लागते, आणि मग तिच्यातले उणे दाखवणारा मनुष्य अरसिक ठरतो. ज्या मंडळाला गुन्हेगाराच्या उदात्तीकरणाची भीती होती, त्यानेच त्या उदात्तीकरणास लागणारा एकांत पुरवला.

माझा निवाडा असा : अभिनय, संगीत, आणि भित्र्या माणसांच्या संगतीचे निदान या तिन्ही बाबतींत ‘पाँच’ हा आपल्या गुन्हेपटांत पहिल्या रांगेत बसतो, मारल्या गेलेल्यांना न्याय देण्याच्या बाबतीत तो फार मागे पडतो, आणि त्याच्या तंत्राची नक्कल करणाऱ्या पुढच्या कित्येकांनी त्याचे दोष तेवढे उचलले आहेत. तो पुण्यात उघडपणे, काटछाट न करता, प्रौढांसाठी दाखवला जावा, आणि त्या पिढीतले जे कोणी अजून आपल्यात आहेत त्यांना तरुणांनी आग्रहाने सोबत न्यावे व खेळ संपल्यावर त्यांचे ऐकून घ्यावे. आणि या शहरातल्या ज्या कोणा तरुण लेखकाच्या किंवा दिग्दर्शकाच्या मनात हा विषय पुन्हा घोळत असेल, त्याला माझे कळकळीचे सांगणे आहे की त्याने या वेळी सुरुवात त्या चौघांच्या अड्ड्यापासून करू नये. भांडारकर रस्त्यावरच्या त्या घरापासून करावी, आणि तेथे राहणाऱ्या पाचही जणांना आधी नीट ओळखून घ्यावे.